पैसा येतो तीन महिने, खर्च चालतो बारा महिने : घरचं आर्थिक नियोजन कसं करावं?

बागेतली_मुलगी

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. थोडी काजूची कलमं आहेत आणि घराला लागून दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. बाबांना आता सगळं झेपत नाही, म्हणून यंदापासून घरचा हिशेब माझ्याकडे आला आहे. बी.कॉम. झालेय, जमाखर्च मांडता येतो. अडचण वेगळीच आहे.

पैशाच्या नियोजनावर जे जे वाचते, ऐकते, त्याची सुरुवात ठरलेली असते : पगार झाला की पहिल्या तारखेला इतके टक्के बाजूला काढा. आमच्या घरात पहिली तारीख नाहीच. मार्चअखेरपासून आंब्याच्या पट्ट्या, म्हणजे दलालाने माल विकून पाठवलेले हिशेब आणि पैसे, यायला लागतात, काजू बी विकली जाते, मे महिन्यात खोल्या भरतात. मृग लागला की सगळं एकदम बंद. मग शाळा-कॉलेजच्या फिया, गणपती, ऑक्टोबरपासून फवारणी, राखणदारांचे पगार. मे महिन्यात खात्यावर चार-पाच लाख दिसतात आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकेक खरेदी उभी राहते. डिसेंबर आला की दलालाकडून उचल, म्हणजे येणाऱ्या पिकावर आगाऊ रक्कम, घ्यायची वेळ येते. लहानपणापासून हेच बघत आलेय.

माझे प्रश्न : अशा उत्पन्नाला महिन्याचं बजेट कसं बसवायचं? एसआयपी, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठराविक रक्कम, आमच्यासारख्यांनी करावी का? आणि उचल बंद करता येईल का? शिवाय धाकट्या भावाला गोव्यात पहिली नोकरी लागली आहे, तर घरी ओळखीचे एजंट पॉलिसीचे कागद घेऊन येऊन बसले आहेत. त्याला काय सांगू?

निवृत्त_बँकवाला

मुली, फार चांगला प्रश्न विचारलास. रत्नागिरी जिल्ह्यात शाखांमधून नोकरी केली, त्या काळात मे महिन्यात ठेवी घेऊन येणारी आणि जानेवारीत सोनं तारण ठेवायला येणारी माणसं पुष्कळदा तीच असायची. कमाई कमी होती असं नव्हे. ती वर्षभर पसरायची सोय घरात नव्हती.

पहिली गोष्ट, दोन खाती कर. एक बागेचं, एक घरचं. पट्टीचे पैसे, काजूचे पैसे, खोल्यांचं भाडं, जे काही येईल ते बागेच्या खात्यात. त्याच खात्यातून फवारणी, खत, मजुरी, पेट्या, वाहतूक. घरच्या खात्यात दर महिन्याच्या १ तारखेला ठराविक रक्कम वळती व्हायची, तशी सूचना बँकेला देऊन ठेव. हा घराचा पगार. मे असो की सप्टेंबर, घर तेवढ्यातच चालवायचं. एटीएम कार्ड घरच्या खात्याचंच वापरात ठेव, बागेच्या खात्याचं कपाटात.

आता पगार किती? इथेच बहुतेक जण गेल्या वर्षीचा आकडा धरतात. तसं करू नकोस. मागच्या पाच हंगामांच्या पट्ट्या काढ, बागेचा खर्च वजा करून दर वर्षी निव्वळ काय उरलं ते लिही. समजा ६ लाख, अडीच लाख, साडेचार लाख, दीड लाख आणि ५ लाख असे आकडे आले. बेरीज साडेएकोणीस लाख, सरासरी ३ लाख ९० हजार. पगार सरासरीवर बांधायचा नाही, तिच्याखाली बांधायचा. वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार. पहिल्या वर्षी ३ लाख शिल्लक पडतात, दुसऱ्या वर्षी त्यातले ५० हजार वापरले जातात, तिसऱ्या वर्षी दीड लाखाची भर पडते, चौथ्या वाईट वर्षी दीड लाख काढले जातात, पाचव्या वर्षी परत २ लाख जमा. पाच वर्षं पगार एकदाही चुकला नाही आणि गाठीला साडेचार लाख.

ही शिल्लक बचत खात्यात पडू देऊ नकोस, तिथे ती खर्चाच्या नजरेस पडते. मुदत ठेवी कर, पण एक मोठी न करता लहान लहान आठ-दहा. मध्येच गरज लागली तर एकच मोडावी लागते, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं.

परळ_ते_पावस

काकांची मांडणी पटली. एक शंका. वर्षांचा क्रम उलटा आला तर? पहिल्याच वर्षी दीड लाख आले तर पगार सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंतच पुरेल.

निवृत्त_बँकवाला

बरोबर बोललात. म्हणून ही पद्धत चांगल्या हंगामाच्या शेवटी सुरू करायची, वाईट हंगामाच्या सुरुवातीला नाही. यंदा मे महिन्यात हाती बरी रक्कम असेल तर तिच्यातून आधी बारा महिन्यांचे पगार बाजूला काढायचे, मग पुढच्या मोसमाच्या फवारणीचा खर्च बाजूला काढायचा. त्यानंतर जे उरेल तेच खरं उत्पन्न. टीव्ही, दुचाकी, घराला नवा रंग, सगळं त्या उरलेल्यातून. काहीच उरलं नाही तर त्या वर्षी खरेदी नाही.

पगारदाराला तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी पुरते असं पुस्तकात लिहिलेलं असतं, कारण त्याची नोकरी गेली तर सहा महिन्यांत दुसरी मिळू शकते. मोहोर जळला तर पुढचा मोहोर यायला वर्ष जावं लागतं. आपली गंगाजळी एक पूर्ण हंगाम बुडाला तरी पुढच्या हंगामापर्यंत घर आणि बाग दोन्ही चालतील एवढी हवी. मी कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराला आणि मच्छीमाराला हेच सांगत आलोय.

दर्यावरचो

मी मालवणचो. आमचो पारंपरिक धंदो मासेमारीचो. ताई, तुजा दुखणा माका बरोबर समाजला, कित्याक तर १ जून ते ३१ जुलै आमका पण बंदी असता. होडी शाकारून ठेवायची आणि घरात बसान जाळी विणायची. पैसो येवचो बंद, पण खर्च काय बंद जाणा नाय.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो. बंदीच्या दोन महिन्यांत आमचा सगळ्यात मोठा खर्च असतो : इंजिनचं काम, होडीची डागडुजी, नवी जाळी, आणि ऑगस्टच्या तोंडावर खलाशांना आगाऊ रक्कम. आमच्याकडे प्रत्येक फेरीची पट्टी झाली की डिझेल, बर्फ, रेशन वजा करून वाटे पडतात. आम्ही त्यात होडीचा एक वाटा वाढवून ठेवला. तो वाटा कुणाच्या घरी जात नाही, होडीच्या नावाच्या खात्यात जातो, आणि जून-जुलैच्या कामाला तिथूनच पैसे निघतात. मासळी मिळाली नाही त्या फेरीला वाटा नाही, चांगली मिळाली तर मोठा वाटा. टक्केवारी असल्यामुळे कुणाला टोचत नाही.

दोन गोष्टी मच्छीमार बांधवांना मुद्दाम सांगतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं. २ लाखांपर्यंतच्या रकमेला व्याज सवलत आहे, वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं. सावकाराचं महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के होतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही कारण महिन्याचा आकडा लहान वाटतो.

दुसरी गोष्ट आयकराची. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्याला आयकर नाही. मासेमारी आयकर कायद्यात शेतीत बसत नाही, तो व्यवसाय धरला जातो. म्हणजे विवरणपत्र भरायची सवय आम्हाला हवी. कर लागत नसला तरी भरावं, कारण होडीसाठी बँकेत कर्ज मागायला गेलं की पहिल्यांदा तेच मागतात.

बागेतली_मुलगी

दादा, आयकराचं हे माहीत नव्हतं. मग आमच्या खोल्यांच्या भाड्याचं काय?

परळ_ते_पावस

मी मुंबईत लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे, गाव पावसजवळ. खोल्यांचं उत्पन्न करपात्र आहे. बागेत बांधल्या म्हणून ते शेतीचं होत नाही. तसंच झाडावरून उतरवून पिकवून विकलेला आंबा शेतीचा, पण त्याचा पल्प काढून डबाबंद करून विकला की प्रक्रियेचा नफा व्यवसायात जातो. आणखी एक बारीक मुद्दा : करपात्र उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यासाठी त्यात मिळवून धरतात. म्हणून खोल्यांची वही वेगळी ठेवा. वीज, चादरी, सफाईची मजुरी, रंगरंगोटी यांच्या पावत्या जपून ठेवा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला रिबेटमुळे कर पडत नाही, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखं तर मुळीच नाही.

एसआयपीबद्दल. हंगामी घराने दर महिन्याची एसआयपी थेट बचत खात्यावर लावली की नोव्हेंबरात शिल्लक नसते, हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. लागोपाठ तीन हप्ते चुकले की एसआयपीच रद्द होते. त्यापेक्षा मे महिन्यात जी रक्कम पुढच्या सात-आठ वर्षांत लागणार नाही अशी खात्री आहे, तेवढीच लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे लगेच काढता येणारा) ठेवा आणि तिथून दर महिन्याला ठरलेला हिस्सा इक्विटी फंडात (शेअर बाजारातला) वळता करा. याला एसटीपी म्हणतात. मात्र काकांनी सांगितलेले बारा पगार आणि फवारणीचा खर्च आधी. ते झाल्याशिवाय बाजारात एक रुपया नको. बाजार पडला असताना बागेसाठी फंड विकावा लागला तर नुकसान दुहेरी.

कातळावरचा_बागायतदार

उचलीच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. माझं मत थोडं कडक आहे.

दलालाची उचल बिनव्याजी वाटते. कागदावर व्याज नसतंच. पण उचल घेतली की सगळी पेटी त्यालाच पाठवावी लागते. भाव काय फुटला ते पट्टी आल्यावर कळतं. कुठल्या दिवशी माल काढायचा, कुणाला द्यायचा, घरपोच विकायचा की बाजारात, हे ठरवायचा हक्क डिसेंबरातच विकलेला असतो. सुरुवातीच्या पेटीला जो भाव असतो तो आपल्याला वाट बघून, गिऱ्हाईक जोडून मिळवता आला असता. तो फरक हे उचलीचं व्याज, आणि ते कुठल्याही बँकेपेक्षा महाग पडतं.

सगळे दलाल वाईट असं मी म्हणत नाही. अडीअडचणीला रात्री फोन केला तरी पैसे पाठवणारे आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध आहेत. पण उचल ही मदत न राहता सवय झाली की बाग आपली राहते आणि पीक दुसऱ्याचं होतं.

उपाय पीक कर्जाचा. केंद्राच्या व्याज सवलतीत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेवर फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्यावर येतं. मुदत चुकली की सवलत गेली. आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, तेव्हा फेडीची तारीख कोणती ते कर्ज घेतानाच लेखी विचारून घ्या.

एका वर्षात उचल शून्यावर आणायचा हट्ट करू नका. पहिल्या वर्षी निम्मी करा आणि तेवढा माल स्वतः विका. कोकण हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. नोंदणी करून अधिकृत वापरकर्ता झालात तर गिऱ्हाइकाला आपला आंबा खरा आहे हे दाखवता येतं. पुण्या-मुंबईत आपलेच नातेवाईक आहेत, त्यांच्या सोसायट्या आहेत. सुरुवात तिथून होते.

आगरातली_मावशी

कातळावरच्या दादांनी पीक कर्ज सांगितलं, ते योग्यच. पण सातबारावर नाव कुणाचं? आमच्याकडे श्रीवर्धनला बहुतेक आगरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, सामायिक. आजोबांच्या नावानंतर पंधरा-वीस वारस, निम्मे मुंबईत, काहींचा ठावठिकाणा नाही. कसणारा एक आणि उताऱ्यावर सगळे. बँक सगळ्यांची संमती मागते. त्यामुळे पात्र असूनही कर्ज मिळत नाही आणि माणूस दलालाकडे किंवा सोनाराकडे जातो. गणपतीला सगळे भाऊबंद घरी येतात, त्या चार दिवसांत वारसनोंदीचा आणि वाटणीचा विषय काढा. आरती झाल्यावर अर्धा तास बसा. पैशाच्या नियोजनात मी ह्याला पहिलं स्थान देईन, ठेवी आणि फंड नंतर.

आणि एक. वर्षभराची गंगाजळी पुरेशी आहे असं वर लिहिलंय, ते मोहोर जळला तर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण नवी पोफळ लावली तर तिला धरायला कितीतरी वर्षं लागतात. तितकी वर्षं कुठली गंगाजळी पुरणार? ज्यांच्या घरात एक तरी मिळकत आगराबाहेरची होती ती घरं लवकर सावरली. कुणाचा मुलगा नोकरीला, कुणाच्या सुनेची शिवण, कुणाचं खानावळीचं काम. म्हणून तुझ्या दोन खोल्या फार मोलाच्या आहेत. त्या आंब्याच्या पैशात मिसळून टाकू नकोस.

बागेतली_मुलगी

मावशी, सातबारा आमचाही सामायिक आहे. बाबा आणि दोन काका. काका चांगले आहेत, फक्त हा विषय कुणी काढत नाही. यंदा काढते.

फळपीक विम्याचं काय करावं? बाबांचा त्यावर विश्वास उरलेला नाही. शेजारच्या महसूल मंडळात पैसे आले, आम्हाला आले नाहीत, असं ते सांगतात.

कातळावरचा_बागायतदार

बाबांची नाराजी समजू शकतो. हा विमा हवामानावर आधारित आहे. आपल्या बागेत किती आंबा गळला हे बघायला कुणी येत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात पाऊस, तापमान, वारा किती नोंदला गेला त्यावर भरपाई ठरते. केंद्र दूर असेल, मधे डोंगर असेल तर आपल्याकडे पाऊस पडून तिथे नोंद नसते. उलटंही होतं, नुकसान न होता पैसे येतात.

तरी मी दर वर्षी उतरवतो. शेतकऱ्याचा हिस्सा साधारण विमा रकमेच्या ५ टक्के असतो, दर फार चढला तर त्याहून जास्तही पडतो. अवकाळी पाऊस आता अपवाद राहिलेला नाही. ई-पीक पाहणीत (सातबारावर पीक नोंदवायचं सरकारी अ‍ॅप) आंबा, काजूची नोंद आधी करून ठेवा. नोंद नसेल तर पुढे अडतं. आणि हप्त्याची रक्कम मे महिन्यातच फवारणीच्या पैशाबरोबर बाजूला काढा. मुदत मोसमाच्या तोंडावर संपते, नेमका त्याच वेळी हात आखडलेला असतो.

गुहागरची_मास्तरीण

तारखांचा मुद्दा निघालाच आहे तर एक सुचवते. वर्षातून एकदा भरायचं जे जे आहे ते सगळं मे-जूनमध्ये आणा. आरोग्य विमा नवा घेताय? मे महिन्यात घ्या, म्हणजे नूतनीकरण दर मे महिन्यात येईल. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योती विमा ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. या दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो. आपल्या हंगामाशी इतकं जुळणारं दुसरं काही नाही. सुरक्षा विमा वयाच्या ७० पर्यंत, जीवनज्योतीत प्रवेश ५० पर्यंत. राखणदार, मजूर, घरकामाच्या मावशी, सगळ्यांचे फॉर्म भरून द्या.

पीपीएफमध्येही (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) वर्षातून एकदाच रक्कम भरता येते, कमाल दीड लाख. व्याजाचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज धरतात. म्हणजे २८ मेला भरण्यापेक्षा ४ मेला भरलेलं बरं. घरात दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं २५० रुपयांत उघडतं, तिथेही एकरकमी भरता येतं.

आजारपणाचा विचार मात्र नीट करा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण योजनेतलं रुग्णालय आपल्या जवळ असायला हवं. मोठा आजार निघाला की आपली माणसं कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठतात. गाडीभाडं, तिथे राहणं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे कुठलीच योजना देत नाही. त्यासाठी वेगळी रक्कम हवी. खाजगी आरोग्य विमा घेणार असाल तर वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

आता भावाबद्दल. पहिल्या पगारात घरच्यांना साडी-शर्ट घेऊ दे, मित्रांना जेवण देऊ दे. मन मारून बचत शिकवली तर ती टिकत नाही. पॉलिसीच्या कागदावर मात्र सही नको. एजंट ओळखीचे आहेत, गणपतीला घरी येतात, नाही म्हणायला संकोच वाटतो, म्हणूनच आपल्याकडे बहुतेक पॉलिसी घेतल्या जातात. त्यांना दोन आकडे विचारायला सांग : माझं काही बरंवाईट झालं तर घरी किती मिळतील, आणि वीस वर्षांनी मिळणाऱ्या रकमेचा वार्षिक परतावा किती टक्के? बचत आणि विमा एकत्र असलेल्या पारंपरिक पॉलिसीत पहिला आकडा तोकडा असतो आणि दुसरा बहुधा पीपीएफच्याही खाली. आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील तर साधा टर्म विमा घ्यावा. त्यात काही परत मिळत नाही, म्हणूनच तो कमी हप्त्यात मोठं संरक्षण देतो. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

पीएफचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खातेक्रमांक) त्याने घरीही लिहून ठेवावा. नोकरी बदलली की पीएफ काढून घेऊ नये, नव्या कंपनीत वळवावा. गोव्यात मोसमी नोकऱ्या बदलणारी आपली मुलं दर वेळी पीएफ काढतात आणि तिशीला शून्यापाशी असतात. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते, ती मोजदादही मोडते.

निवृत्त_बँकवाला

मास्तरीणबाई, नेमकं लिहिलंत. भावाने आणखी एक सांभाळावं : मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप. कर्ज कुठल्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेली नोंदणीकृत वित्तसंस्था) आहे हे दिसत नसेल तर हात लावू नये. पैसे फसवणुकीत गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. उशीर होत गेला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

बंदरावरची_सखी

मी बचत गट चालवते. बँक, फंड सगळं ठीक, पण आमच्या वाडीत बँक नाही. पतसंस्था आहे. दारात पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करायला येतात, अर्ध्या दिवसात कर्ज मिळतं, माणसं आपली. इथे कुणी पतसंस्थेचं नावच घेत नाही.

निवृत्त_बँकवाला

ताई, पतसंस्थांनी कोकणात लहान माणसाला उभं केलंय, हे मी बँकेत असतानाही मान्य करायचो. फक्त एक फरक प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. व्यापारी बँक, नागरी सहकारी बँक, जिल्हा बँक यांतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० आधी ते १ लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेची नाही. व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं ते या जोखमीपोटी.

माझ्या नात्यातल्या एका विधवा बाईंची सगळी पुंजी अशा एका संस्थेत होती. संस्था अडचणीत आली आणि मुलीच्या लग्नाला त्यांना स्वतःचेच पैसे हप्त्याहप्त्याने, तेही अर्धवट मिळाले. तेव्हा पिग्मी ठेवा, कर्ज घ्या, संस्थेचे सभासद व्हा, वार्षिक सभेला जाऊन थकबाकी किती आहे ते विचारा. वर्षभराचे पगार आणि म्हातारपणाची ठेव मात्र विमा असलेल्या बँकेत किंवा पोस्टात.

बंदरावरची_सखी

हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या बैठकीत गटासमोर मांडते. आमच्या गटात अंतर्गत कर्जाला महिन्याला २ टक्के घेतो. वर्षाचे २४ होतात, पण ते व्याज गटातच राहतं आणि वर्षअखेर वाटून मिळतं. तरीही आंब्याच्या फवारणीसारखं सहा महिन्यांचं कर्ज गटातून घेऊ नये असं आता वाटतंय. गटाचं कर्ज औषधपाण्याला, दोन महिन्यांत फिटेल असं.

बागेतली मुलगी, एक विचारू? बागेचं खातं कुणाच्या नावावर आहे? आणि आईला त्यात किती आहेत हे माहीत असतं का?

बागेतली_मुलगी

ताई, खातं बाबांच्या एकट्याच्या नावावर. आईला नेमका आकडा कधीच ठाऊक नसायचा. घरातल्या मुलांना तर नाहीच.

काल रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर मागच्या पाच हंगामांच्या पट्ट्या मांडल्या. दोन सापडल्या नाहीत, त्या पासबुकावरून जुळवल्या. आई शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, गणपतीचा खर्च दर वर्षी तुम्ही अंदाजे धरता, तो मी सांगते. तिने सांगितलेला आकडा बाबांच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट होता, कारण चाकरमान्यांच्या येण्याजाण्याच्या दिवसांतलं किराणा-भाजीचं तिनेच बघितलेलं. पगाराचा आकडा त्यामुळे बदलला. महिन्याला २२ हजार आणि गणपतीसाठी वेगळी ठेव, ऑगस्टमध्ये मुदत संपेल अशी. भाऊ फोनवर होता. एजंटकाकांना त्याने स्वतःच सांगितलं की सहा महिने थांबतो.

उचल यंदा निम्मी घ्यायची ठरलीय. बाबा पूर्ण तयार नाहीत, पण सुरुवातीच्या पेट्या मी विकून बघणार याला हो म्हणाले.

शेवटचा प्रश्न. खात्यात आईचं नाव कसं घालावं? संयुक्त खातं की वारस म्हणून?

निवृत्त_बँकवाला

दोन्ही कर. बागेचं खातं बाबा आणि आई यांचं संयुक्त, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा सूचनेचं. मुदत ठेवींनाही तीच सूचना, आणि एक गेल्यावर दुसऱ्याला मुदतीपूर्वी मोडता येईल अशी दोघांच्या सहीची लेखी संमतीही. नाहीतर एक गेल्यावर मुदतीपूर्वी ठेव मोडताना अडतं. नामनिर्देशन त्याशिवाय वेगळं करायचं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालकी वारसा कायद्यानेच ठरते, हे काकांशी सातबाराचं बोलणं कराल तेव्हाही लक्षात असू दे. शाखेत जाताना दोघांची आधार आणि पॅन कार्डं, दोन फोटो आणि जुनं पासबुक घेऊन जा. आईला सोबत ने. सही तिच्या हातचीच लागते.